रुटाइल-झिरकॉन वेगळं करताना या चुका टाळा

केरळमधल्या चवरा, तमिळनाडूतल्या मणवलकुरिचीसारख्या किनाऱ्यांवरच्या वाळूत इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाच्या जोडीला रुटाइल (हेही टायटॅनियमचं) आणि झिरकॉन (झिर्कोनियमचं) ही खनिजंही असतात. रुटाइल आणि झिरकॉनची घनता जवळजवळ सारखी (पाण्याच्या साधारण 4.2 आणि 4.6 पट), आणि चुंबकाला दोन्ही दाद देत नाहीत. मात्र रुटाइलमधून वीज वाहते, झिरकॉनमधून वाहत नाही. हाय टेन्शन रोल सेपरेटरमध्ये, म्हणजे उच्च व्होल्टेजवर चालणाऱ्या फिरत्या रोलच्या यंत्रात, बारीक तारेतून सगळ्याच कणांवर विद्युतभार पडतो. रुटाइल तो लगेच अर्थिंग केलेल्या रोलला देऊन पुढे उडतं. झिरकॉन रोलला चिकटून मागे जातं आणि ब्रशने झडतं.

रुटाइलमध्ये झिरकॉन दिसू लागलं की लगेच व्होल्टेज वाढवलं जातं. तसं करू नका. आधी चिमूटभर माल भिंगाखाली धरा. रुटाइल तांबूस-काळं, झिरकॉन बहुधा रंगहीन आणि लांबट, त्यामुळे ओळखायला सोपं.

चुकलेलं झिरकॉन लहान-मोठं सगळ्या आकाराचं असेल तर माल ओलसर आहे. दाण्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातूनही भार निघून जातो आणि झिरकॉन रुटाइलसारखं वागतं. तापमान ड्रायरच्या तोंडाशी मोजून उपयोग नाही, रोलवर पडणारा माल 100 अंश सेल्सिअसच्या आसपास हवा. समुद्राचं मीठ राहिलं असेल तर वाळलेला माल पुन्हा दमट होतो, म्हणून वाळवण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. चिकणमातीचा किंवा गंजाचा लेप असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, दाट गाऱ्यात दाणे एकमेकांवर घासून तो काढावा लागतो.

फक्त जाडे दाणे चुकत असतील तर दोष चाळणीत. व्यास दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो, वजन मात्र आठपट. त्यामुळे 0.2 मिलिमीटरचा दाणा रोलवरून सुटतो, 0.1 चा चिकटून राहतो. जाडा आणि बारीक माल वेगळा चालवा. तोवर रोलचा वेग थोडा उतरवा.

रुटाइलच झिरकॉनकडे जात असेल तर रोलवरच्या मालाचा थर बघा. तो एका दाण्याइतकाच हवा. वरचा दाणा रोलला टेकलाच नाही तर भार देणार कुठे? अर्थिंग आणि रोलवरची धूळही तपासा.

व्होल्टेज सगळ्यात शेवटी, तेही थोडं थोडं. ठिणग्या दिसल्या की मागे या. दोन्ही मिसळलेला मधला माल कुठल्याही एका बाजूला ढकलू नका, पुन्हा गरम करून फिरवा.

ब्रश बदलताना पुरवठा बंद करणं पुरेसं नाही. अर्थिंगची काठी तारेला टेकवल्याशिवाय हात आत घालू नका.