पर्जन्यमापकाचं पाणी नीट मोजायचं तर

मापक उघड्यावर बसवा. झाड किंवा भिंत मापकापासून स्वतःच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवी. नरसाळ्याची कड जमिनीपासून 30 सेंमी उंच आणि पाणसळीत ठेवा. गच्ची नकोच, तिथे वारा थेंब उडवून नेतो आणि नोंद कमी येते.

रोज सकाळी 8.30 ला नरसाळ्याखालच्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात (मापकासोबतचं, मिमीच्या खुणांचं काचेचं पात्र) ओता. डोळा पातळीच्या रेषेत आणून मधला खोलगट भाग वाचा, काचेला चिकटून वर चढलेली कड नव्हे. मोजपात्र फुटलं तर भलत्याच मापकाचं उसनं आणू नका, त्याच्या खुणा त्या मापकाच्या तोंडाच्या मापाच्या असतात! साधं मिलीलिटरचं पात्र चालतं: नरसाळ्याच्या 200 चौरस सेंमी तोंडाला 20 मिली म्हणजे 1 मिमी पाऊस, 100 ला 10 मिली. मुसळधार पावसात बाटली वाहायच्या आत मधेच मोजा, बेरीज 8.30 ला. नरसाळ्यात पान अडकलंय का, तेही बघा.