सगळ्याच जळण्याला ‘बर्न’ म्हणू नका

इस्त्रीनं शर्ट करपला तर ‘शर्ट धुमसला’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. करपणं, पोळणं, होरपळणं, भडकणं यांत मराठीत आपण कधी गोंधळत नाही. तीच माणसं इंग्रजी लिहायला बसली की हात पोळला, बर्न. गवत होरपळलं, बर्न. भाषांतरं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण या एका क्रियापदावर जेवढी लाल शाई सांडली तेवढी दुसऱ्या कशावर नाही.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक माझीच. एका गोदामात शॉर्टसर्किट झालं. दोन रॅक जळाले, एक भिंत काळी पडली, बाकी माल सहीसलामत. मालकांनी विम्यासाठी मराठीत लिहून दिलं, ‘आमचं गोदाम जळालं’. मी तेव्हा नवखी, हातात काम भरपूर, घाई त्याहून जास्त. ठोकून दिलं, ‘द वेअरहाउस बर्न्ड डाउन’. पाहणीला आलेल्या माणसानं आधी उभ्या भिंती बघितल्या, मग जागच्या जागी असलेलं छप्पर बघितलं, आणि शेवटी खिशातून माझं पत्र काढलं. ‘डाउन’ म्हणजे इमारत जळून जमीनदोस्त. दावा खोटा आहे की काय, इथपासून सुरुवात झाली आणि खुलासे देण्यात तीन महिने गेले. मालक त्यानंतर माझ्याकडे कधी आले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

‘डाउन’, ‘आउट’, ‘अप’ या शेपटांकडे नवशिके ढुंकूनही बघत नाहीत. ‘बर्न डाउन’ झालं की इमारत उरत नाही. ‘बर्न्ट आउट’ इमारतीचा किंवा गाडीचा सांगाडा उभा असतो, आतलं सगळं गेलेलं असतं. आणि आग स्वतः ‘बर्न आउट’ झाली तर जळायला काही न उरल्यानं ती विझली. ‘बर्न अप’ म्हणजे जळून पुरतं नाहीसं होणं, वातावरणात शिरलेली उल्का होते तसं. माझं गोदाम यांतल्या एकातही बसत नव्हतं. ‘आगीनं नुकसान झालं’ एवढंच साध्या इंग्रजीत लिहिलं असतं तर भागलं असतं.

तेव्हापासून मी कागदाच्या कडेला दोन प्रश्न खरडते: कशानं भाजलं? मागे काय उरलं? याला कोणी पद्धत म्हणणार नाही, पण माझं काम होतं. केसांची टोकं, भुवया, कापडाची कड एवढंच जरासं जळलं तर सिंज. वरचा थर पिवळा-तपकिरी पडला पण वस्तू शाबूत आहे, तर स्कॉर्च. इस्त्रीचा डाग तो हाच. वरून कोळसा झाला तर ‘चार’ (char). राखच उरली तर इन्सिनरेट. समानार्थी शब्दांच्या यादीतला सगळ्यात भारदस्त शब्द उचलायची ज्यांना हौस असते, त्यांच्यासाठी सांगते: एका पठ्ठ्यानं इस्त्रीच्या डागाच्या तक्रारीत शर्ट ‘इन्सिनरेट’ झाल्याचं लिहिलं होतं. सोबत शर्टाचा फोटो.

‘सिंज’ची एक गंमत. 1587 मध्ये फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीनं स्पेनमधल्या कादिझच्या बंदरात घुसून स्पॅनिश जहाजं जाळली. इंग्रजीत ती मोहीम ‘स्पेनच्या राजाची दाढी सिंज केली’ अशीच ओळखली जाते. जहाजं खाक झाली, तरी राजाची फक्त दाढी होरपळली, आणि दाढी पुन्हा वाढते. 1588 मध्ये स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलंच. ‘बर्न’ घालून बघा, सगळी खोच जाते. आणि ‘सिंज’ (singe) या क्रियापदाला ‘इंग’ लावताना शेवटचा ई गाळू नका. गाळलात तर singeing चं singing होऊन तुमच्या भुवया गाऊ लागतील, आणि स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही.

उकळतं पाणी किंवा वाफ असेल तर स्काल्ड. हा शब्द ‘गरम’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. कॅलरी त्याच कुळातली. इथे ‘बर्न’ लिहिलं तर चूक नाही, डॉक्टरही पोळण्याला त्यातच धरतात, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्वाळा येते. उलट बाजूनंही लोक फसतात. पाककृतीत दूध ‘स्काल्ड’ करा असं असतं, म्हणजे उकळी फुटायच्या जरा आधीपर्यंत तापवा. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकानं लिहिलं, ‘दूध जाळा’. विचारलं तर म्हणे, ॲपनं सांगितलं.

बाकीच्या किरकोळ. मेणबत्ती पेटवायची तर ‘लाइट’; ‘बर्न’ म्हटलं तर ती जळत ठेवली. मातीचं भांडं भट्टीत भाजलं तर ‘फायर’. ज्वाळा नाही, नुसतं धुमसतंय, तर स्मोल्डर. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये एक यू जास्त. अंत्यसंस्काराला ‘क्रिमेट’च, शोकपत्रात ‘बर्न’ वाचून मी एकदा खुर्चीतून उठले होते. आणि डब्यावर ‘इनफ्लेमेबल’ दिसलं तर ‘इन’ला नकार समजू नका. ते चटकन पेटतं. न पेटणाऱ्याला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणतात.