इम्प्लांटभोवतीचा टिश्यू वाचायचा कसा? एम.फार्मच्या पोरापोरींसाठी

बाभळीचा काटा पायात मोडून राहिला की काय होतं ते आपल्या सांगलीकडं कुणाला सांगायला नको. आधी सुजतं, ठणकतं, मग त्याच्याभोवती कडक गाठ धरते आणि आजी म्हणते कुरूप झालं. रॅटच्या पाठीत कातडीखाली आपण पीएलजीएची (शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर) औषध भरलेली काडी, म्हणजे आपलं इम्प्लांट, सरकवतो तेव्हा शरीर जवळपास हेच करतं. त्यामुळं स्लाइडमध्ये सूज दिसली रे दिसली की "सर, मटेरियल टॉक्सिक निघालं" म्हणून पळत सुटू नका. पहिला प्रश्न एकच, कितवा दिवस?

पण त्याच्याही आधी ग्रुप नीट पाडा, नाहीतर पुढचं सगळं वाया. नुसती चीर देऊन शिवलेला एक ग्रुप, बिनऔषधाची काडी असलेला एक आणि औषधवाला एक, एवढे तरी पाहिजेतच. औषध जर डेक्सामेथासोन असेल तर ते स्वतःच सूज दाबतं, मग मटेरियल गुणी की औषधानं झाकलं हे कसं सांगणार? ही प्राण्यांची संख्या एथिक्स कमिटीच्या अर्जातच मागून घ्या, नंतर वाढवून मागायला गेलं की परत मीटिंगची वाट बघत बसायचं.

काडी निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्हच्या नादी लागू नका, पीएलजीए गरम वाफेत टिकत नाही. गॅमा किरण दिले तर पॉलिमरच्या साखळ्या तुटून मॉलिक्युलर वेट थोडं उतरतं, म्हणून गॅमानंतरचं माप घेऊन ठेवा, आधीचं नुसतं लिहून उपयोग नाही. काडी बनवताना डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट वापरलं असेल तर उरलेलं सॉल्व्हंट 600 पीपीएमच्या खाली आलंय ना ते बघा, नाहीतर सूज सॉल्व्हंटनं यायची आणि शिव्या पॉलिमर खाणार.

टिश्यू काढताना काडी उपटायची नाही, आजूबाजूच्या मांसासकट कापायचं. 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन टिश्यूच्या निदान दहापट, 24 ते 48 तास. मी एकदा जाडजूड तुकडा छोट्या बाटलीत कोंबला आणि शनिवारी एसटी पकडून गावाला गेलो, सोमवारी बघतो तर बाहेरून टणक आणि आत सगळं सडलेलं. सहा आठवड्यांचं काम गेलं राव. तुकडा 4-5 मिमीच्या वर जाड नको.

आता स्लाइड. एच अँड ई (पेशी बघायचा नेहमीचा रंग) मध्ये पहिले दोन-तीन दिवस न्यूट्रोफिल, म्हणजे सगळ्यात आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसणार, ते जखमेमुळं, नुसत्या चिरेच्या ग्रुपमध्येही दिसतात. मग मोनोसाइट येतात, त्यांचे मॅक्रोफेज (परकी वस्तू गिळणाऱ्या पेशी) होतात, जोडीला लिम्फोसाइट असतात, आणि साधारण दोन आठवड्यांत ही गर्दी ओसरायला लागते. मोठी वस्तू गिळता येत नाही म्हणून मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून बऱ्याच न्यूक्लियसच्या जायंट सेल बनवतात आणि पृष्ठभागाला चिकटून बसतात. काडीऐवजी मायक्रोस्फिअर (पॉलिमरचे बारीक गोळे) असतील आणि ते 10 मायक्रॉनपेक्षा लहान असतील तर मात्र एकटा मॅक्रोफेजही गिळतो. मधे पांढरी रिकामी जागा दिसली तर घाबरू नका, प्रोसेसिंगच्या सॉल्व्हंटमध्ये पॉलिमर विरघळून गेलेला असतो, काडी तिथंच होती.

कुरूप, म्हणजे काडीभोवती धरलेली कोलॅजनची भिंत (कॅप्सूल), बघायचं असेल तर मॅसन ट्रायक्रोम हा रंग करा, कोलॅजन निळं येतं. कॅप्सूलची जाडी एकाच छान जागी मोजून फोटो लावायची सवय सोडा, चारी बाजूंनी मोजा, कारण काडीच्या टोकाशी आणि ती हलते तिथं कॅप्सूल जाड असते. ही भिंत पातळ असली तर औषध बऱ्यापैकी पार होतं, जाड आणि रक्तवाहिन्या कमी असलेली झाली तर रिलीज मंदावू शकतो, तेव्हा रक्तातल्या लेव्हलचा ग्राफ शेजारी ठेवूनच स्लाइड बघा.

फसगत होते ती शेवटी. सगळं शांत झालं म्हणून आपण निवांत, आणि काडी फुटायला लागल्यावर परत मॅक्रोफेज जमतात. पीएलजीए विरघळताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड सुटतं, जाड काडीत ते आतच साठून आतल्या बाजूनं पॉलिमर आणखी जोरात तुटतो. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक 50:50 वाला सगळ्यात लवकर जातो. म्हणून 28 व्या दिवशी स्टडी गुंडाळू नका, काडी पूर्ण जाईपर्यंतचा एक तरी टाइम पॉइंट ठेवा. त्या वेळी मॅक्रोफेज असतील तर समजून घ्या, पण न्यूट्रोफिलचे थवे आणि पू दिसला तर आधी इन्फेक्शनचा संशय घ्या.

आणि मोजणाऱ्याला स्लाइडवरचा ग्रुप कळू देऊ नका, चिकटपट्टी लावून नुसते नंबर घाला, रूममेटकडून घाला पाहिजे तर.