बीएमएसचा आयटी पेपर कसा करायचा: आधी एक दुकान पकडा

बीएमएसला (मॅनेजमेंटच्या डिग्रीला) आयटीचा पेपर आला की वर्गात सरळ दोन पार्ट्या पडतात. एक बारावीला आयटी घेतलेल्यांची, त्यांना वाटतं हे आपलं झालंय, आणि दुसरी आमच्यासारख्यांची, ज्यांनी कॉमर्स घेतलं तेच कॉम्प्युटरचं झंझट नको म्हणून. मार्क दोघांचे सारखेच जातात. कारण पेपरात कोडिंग विचारत नाहीत, एमआयएस (मॅनेजमेंट इन्फॉर्मेशन सिस्टीम) म्हणजे काय, डीएसएस (डिसिजन सपोर्ट सिस्टीम) म्हणजे काय, ईआरपीचे (एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग) फायदे-तोटे असलं विचारतात, आणि पाठ करायला बसलं की सगळ्या डेफिनेशन जुळ्या बहिणी वाटायला लागतात. मी सेम ३ ला असंच पाठ करून गेलो आणि टीपीएसच्या (ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग सिस्टीम) उत्तरात एमआयएस लिहून आलो, वर दोन पानं पुरवणी घेऊन.

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या पॅटर्नमध्ये हा विषय सेम ३ आणि सेम ४ असा दोन तुकड्यांत होता, ७५ मार्क लेखी, २५ इंटर्नल. पहिल्यात सिस्टीमचे प्रकार, वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंट, इंटरनेट आणि सिक्युरिटी, दुसऱ्यात एमआयएस जरा खोलात, ईआरपी, डेटाबेस आणि आउटसोर्सिंग. आता नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात २०२४ ला सीईटीची (प्रवेश परीक्षेची) भानगड सुरू झाल्यावर बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं, ऑटोनॉमसवाल्यांचं तर अजूनच वेगळं, त्यामुळे आधी आपल्या कॉलेजचा चालू वर्षाचा सिलॅबस घ्या, सिनियरच्या झेरॉक्स नोट्स नंतर. धड्यांची नावं इकडची तिकडे होतील, आतला माल साधारण हाच.

आता मेन गोष्ट. एक खराखुरा धंदा पकडा, ज्याच्या गल्ल्यापर्यंत तुम्हाला जाता येतं. काकाचं मेडिकल, मित्राच्या बाबांचं ठाण्यात जांभळी नाक्यावरचं होलसेल, काहीही. माझ्या मावशीचं नौपाड्यात पोळीभाजी केंद्र आहे, मी तेच पकडलं आणि सेम ४ चा अख्खा सिलॅबस त्यातून काढला. पुस्तकात कायम अमेरिकेतल्या कंपन्यांची उदाहरणं असतात, ती डोळ्यासमोर येतच नाहीत. डबा येतो.

बघा, मावशीकडे रोज ऑर्डर वहीत लिहिली जाते, कोणाला किती पोळ्या, पैसे आले की नाही. ही टीपीएस, म्हणजे रोजचे व्यवहार फक्त नोंदवायचे. महिनाअखेरीस त्याच वहीतून कळतं की संकष्टीला डबे धपकन कमी होतात आणि शनिवारी भाकरीची मागणी वाढते, हे झालं एमआयएस, म्हणजे त्याच नोंदी गोळा करून काढलेला रिपोर्ट. आणि डब्याचा रेट ९० वरून १०० केला तर काय होईल, हा प्रश्न डीएसएसचा. वही एकच, प्रश्न तीन. एवढं डोक्यात बसलं की डेफिनेशन पाठ करायची गरजच उरत नाही.

डीएसएसचं तर आकड्यात करून बघाच. समजा भाडं १८,००० आणि दोन बायकांचा पगार २४,०००, म्हणजे महिन्याला ४२,००० ठरलेला खर्च. एका डब्याला सामान, गॅस, डिलिव्हरी धरून ६२ रुपये जातात, रेट ९०, म्हणजे डब्यामागे २८ सुटतात. ४२,००० भागिले २८, १,५०० डबे. महिन्यात २५ दिवस धरले तर रोज ६० डबे गेले की बरोबरीत. रेट १०० केला की डब्यामागे ३८ सुटतात आणि रोज ४५ डब्यांत भागतं. म्हणजे रेट वाढवून ६० पैकी १५ गिऱ्हाइकं गेली तरी मावशी तोट्यात नाही. एक्सेलमध्ये हेच डेटा टॅबमधल्या व्हॉट-इफ अॅनालिसिसमध्ये गोल सीक म्हणून असतं, नफ्याच्या सेलला शून्य करायला सांगायचं आणि डब्यांचा सेल बदलायला द्यायचा. मावशीला मी हे मोठ्या ऐटीत लॅपटॉपवर दाखवलं तर म्हणाली, ते मला माहितीये रे, पण गेलेलं गिऱ्हाईक शेजारणीलाही घेऊन जातं, ते कुठे टाकलंयस? हा पॉइंट मी डीएसएसच्या मर्यादा म्हणून पेपरात लिहिला.

एक्सेलला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इंटर्नल आणि प्रॅक्टिकल तिथेच असतं आणि पुढे इंटर्नशिपलाही तेच विचारतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून एक्सेल येत नाही, हाताने करावं लागतं. पैसे नसतील तर गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस फुकट आहे. तीन शीट करा, ग्राहक, मेनू आणि ऑर्डर. ग्राहकाला कोड द्या, ग १०१, ग १०२ असा, कारण एकाच सोसायटीत दोन जोशीकाकू असतात आणि एकीच्या बिलात दुसरीचे डबे लागले की काय होतं ते मी मावशीच्या दारात उभं राहून ऐकलंय. हा कोड म्हणजेच तुमची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, डेटाबेसच्या धड्यात परत भेटेल.

मग ऑर्डरच्या शीटमध्ये कोड आणि पदार्थ टाकला की नाव आणि रेट आपोआप यायला पाहिजे, त्यासाठी व्हीलुकअप. इथे तीन ठिकाणी पोरं आपटतात. एक, शेवटचा चौथा भाग फॉल्स लिहायचा विसरतात, मग एक्सेल जवळपासचं काहीतरी शोधून देतं, एररही येत नाही आणि उत्तर चुकीचं, हे सगळ्यात घातक. दोन, टेबलाची रेंज एफ ४ दाबून डॉलर चिन्हाने लॉक करत नाहीत आणि फॉर्म्युला खाली ओढला की रेंजही खाली घसरते (लॅपटॉपवर कधीकधी एफएन धरून एफ ४ दाबावं लागतं). तीन, व्हीलुकअप फक्त उजवीकडे बघतं, म्हणून कोडचा कॉलम शोधायच्या टेबलात सगळ्यात डावीकडे ठेवा.

तारखांचं एक वेगळंच नाटक. कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर ५/७/२०२५ टाकलं की ते ७ मे धरतं, आणि २५/७/२०२५ टाकलं की ते तारीखच समजत नाही, साधा मजकूर म्हणून डावीकडे चिकटतं. ओळखायची खूण हीच, खरी तारीख आपोआप उजवीकडे जाते. हे न बघता पिव्हट टेबल (नोंदींची गटवार बेरीज) काढलं तर जुलैचा अर्धा धंदा दुसऱ्याच महिन्यांत जाऊन बसतो. पिव्हट स्वतः मात्र सोपं आहे, डेटा सिलेक्ट करून इन्सर्टमधून पिव्हट, वार एका बाजूला, पदार्थ दुसऱ्या बाजूला, मध्ये नगाची बेरीज. मावशीच्या तीन महिन्यांच्या वहीचा पिव्हट काढला तेव्हा भाकरीचा शनिवार पहिल्यांदा आकड्यात दिसला.

पीएमटी फंक्शनही करून ठेवा, कर्जाचा हप्ता काढायचं. ६०,००० चा फ्रीज १२ टक्क्यांनी २४ महिन्यांवर घेतला तर हप्ता साधारण २,८२४ येतो. तुमचं उत्तर ७,७०८ आलं असेल तर व्याजाला १२ ने भागायचं राहिलंय, तुम्ही महिन्याला १२ टक्के लावलंत, सावकारासारखं. उत्तर मायनसमध्ये येतं त्याने घाबरू नका, पैसे खिशातून जातायत म्हणून मायनस.

डेटाबेसमध्ये नॉर्मलायझेशनला, म्हणजे एकच माहिती परत परत येऊ नये म्हणून टेबलं तोडण्याला, लोक फार घाबरतात. वहीच बघा ना. 'पोळी ४, भाजी १, भात १' हे एकाच रकान्यात लिहिलंय, ते तोडून वेगवेगळ्या ओळीत टाकलं की पहिला नॉर्मल फॉर्म. आता ऑर्डर नंबर आणि पदार्थ मिळून प्रायमरी की झाली, पण पदार्थाचा रेट फक्त पदार्थावर ठरतो, ऑर्डरवर नाही, म्हणून तो मेनूच्या टेबलात हलवला, हा दुसरा. ग्राहकाच्या टेबलात पिनकोड ४००६०२ आहे आणि शेजारी नौपाडा पण लिहिलंय, पण एरिया तर पिनवरूनच कळतो, तो वेगळा काढला की तिसरा. ही टेबलांची आयडिया एडगर कॉडने १९७० मध्ये मांडली, एवढं एक वाक्य उत्तराच्या सुरुवातीला टाका.

ईआरपी म्हणजे किचन, खरेदी, डिलिव्हरी आणि हिशोब या सगळ्यांची एकच वही. मावशीने वाशीच्या एपीएमसीतून बटाट्याची गोण आणली की स्टॉक वाढला, खर्च वाढला, दोन्ही एका नोंदीत. फायदे सगळेच लिहितात, तोट्यासाठी हर्शीजची केस वापरा. १९९९ मध्ये या चॉकलेट कंपनीने घाईघाईत नवी सिस्टीम चालू केली, ती पण हॅलोविनच्या सीझनच्या तोंडावर, आणि १० कोटी डॉलरहून जास्तीच्या ऑर्डर वेळेत गेल्याच नाहीत, गोदामात माल असून. आपल्याकडे कोणी दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात वही बदलेल का? तसंच झालं ते.

सिक्युरिटीत आयटी अॅक्ट २००० येतो, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू. कलमं सगळी नकोत, ४३ (परवानगीशिवाय कॉम्प्युटरला हात लावणं, नुकसान करणं), ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६डी (तोतयेगिरी करून फसवणं) पुरे. जुन्या नोट्समध्ये ६६ए अजून चालू असल्यासारखं छापलेलं असतं, ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलंय, तसं लिहा. उदाहरण हवं तर यूपीआयचं, 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणणारा फोन मावशीलाही आला होता. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पाठवायलाच लागतो. गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. डिजिटल सिग्नेचरमध्ये उलटसुलट करू नका, सही प्रायव्हेट कीने (फक्त आपल्याकडची) होते आणि तपासणी पब्लिक कीने (सगळ्यांना दिलेली), गुपित निरोप पाठवताना मात्र पब्लिकने बंद आणि प्रायव्हेटने उघड.

आउटसोर्सिंगला, म्हणजे आपलं काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेण्याला, फार वेळ घालवू नका. ठाण्याहून वाशीची लोकल पकडा, ऐरोली, रबाळे, घणसोली येईपर्यंत खिडकीतून अख्खा धडा दिसतो, बीपीओ (अशी कामं घेणाऱ्या कंपन्या) पण आणि क्लाउडवाल्यांची डेटा सेंटरं पण. क्लाउड म्हणजे ढगात काही नसतं, दुसऱ्याच्या इमारतीतला भाड्याचा कॉम्प्युटर, बस.

व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी फाईल पेनड्राइव्हवर आणि ड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवा, आणि घरी एक्सलुकअप (व्हीलुकअपचा नवा भाऊ) शिकला असाल तरी लॅबमध्ये व्हीलुकअपच मारा, तिथलं एक्सेल बहुतेक जुनं असतं, एक्सलुकअप टाकलं की नेम एरर येते आणि मॅडमना वाटतं स्पेलिंग चुकलंय.