धबधब्यावर जोडीदाराला खाली सोडू नका

आमच्या लालबागच्या खोलीत टीव्ही एकच, आणि तो आईचा. त्यामुळे कॉन्ट्रा, म्हणजे बंदूक घेऊन शत्रूंशी लढत पुढे जायचा जुना व्हिडिओ गेम, खेळायची वेळ ठरलेली: दुपारी आई आडवी झाली की, आणि तेही आवाज पूर्ण बंद करून. दादाने लॅमिंग्टन रोडवरून टीव्ही गेम आणला होता. त्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचारलं तर आजही चार जण तोंडाकडे बघतात. कॅसेटवर छापलेलं '९९९९ इन १', आत खरे गेम पंधरासुद्धा नव्हते. कॉन्ट्रा मात्र होता, बाकीचे नसते तरी चाललं असतं.

आता दादाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि पहिल्याच पुलावर तिन्ही लाइफ घालवून म्हणतो, "आत्या, हा गेम चीटिंग करतो." गेम चीटिंग करत नाही रे बाबा. तू धावतोस, म्हणून मरतोस.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी खेळायचं कशावर ते ठरवा. टीव्ही गेमचा जुना डबा माळ्यावर असेल तर उत्तम, पण कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आम्ही सगळ्यांनीच मारली आहे. फुंकरेतला ओलावा आतल्या पिनांना गंज चढवतो. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे गेम चालू व्हायचा आणि श्रेय फुंकरेला जायचं. डबा नसेल तर हा गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने गेम एकत्र करून काढले, त्यात १९८८ ची एनईएसवाली, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्ही गेमच्या डब्यासाठीची आवृत्ती आहे. मी खाली सांगते ते सगळं त्याच आवृत्तीबद्दल. नव्या टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड लावा, नाहीतर बटण दाबल्यानंतर माणूस जरा उशिराने उडी मारतो आणि तेवढ्यात गोळी लागते. मोबाइलच्या काचेवर खेळू नका. अंगठ्याला बटणाची कड लागली पाहिजे.

गेमचा रिमोट धरताना उजव्या अंगठ्याचं टोक बी वर आणि त्याच अंगठ्याचा मधला भाग ए वर. बी म्हणजे गोळी, ए म्हणजे उडी. दोन बटणांसाठी दोन बोटं वापरणारे लोक मी पाहिलेत, त्यांना गोळी मारता मारता उडी कधीच जमत नाही.

मग तीस लाइफचा कोड. पहिल्या चित्रावर: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, स्टार्ट. दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. दादाने हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं आणि मला ते आरतीसारखं पाठ झालं होतं. हा कोड मुळात कॉन्ट्राचा नाही. काझुहिसा हाशिमोतो ग्रॅडियस हा गेम एनईएससाठी तयार करत होते, तो त्यांनाच फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तो आत घातला आणि १९८६ मध्ये तो तसाच बाजारात गेला. गेम बनवणाऱ्यालाच लागला होता, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही. शिकताना खुशाल वापरा.

आता मुख्य गोष्ट. कॉन्ट्रामध्ये पडदा आपोआप सरकत नाही, तुम्ही पुढे गेलात की सरकतो. आणि एकदा सरकला की मागे येत नाही. पळत येणारे शिपाई तर येतच राहतात, त्यांचा हिशोब ठेवू नका. पण झुडपात दबा धरलेला बंदूकवाला, भिंतीतली फिरती तोफ, ही मंडळी तुम्ही पडदा ओढल्यावरच जागी होतात. तुम्ही पळत सुटलात की तीन संकटं एकदम अंगावर घेता. म्हणून दोन पावलं टाका, उजव्या कडेला काय उगवतंय ते बघा, त्याला संपवा, मग पुढची दोन पावलं. आवाज बंद असल्यामुळे मला डोळ्यांनीच खेळावं लागलं, आणि डोळे स्वतःच्या माणसावर न ठेवता उजव्या कडेवर ठेवायचे हे मी तिथेच शिकले.

पहिल्या जंगलातले दोन पूल तुम्ही जवळ गेलात की तुकड्या-तुकड्याने उडतात. इथे मात्र थांबू नका, सरळ निघा. पडलात तरी खाली पाणी आहे, मरत नाही. उलट पाण्यात खालचं बटण दाबून धरलं की माणूस बुडी मारतो आणि गोळ्या वरून निघून जातात. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पाच मिनिटं बुडीच मारली. बुडीत गोळी मारता येत नाही, हे सांगायचं राहिलं होतं.

उंचावरून खालच्या फळीवर यायचं तर खाली दाबून ए. समोरून गोळी येतेय तर खाली दाबून आडवं पडा. हवेत असताना खाली आणि बी दाबलं तर पायाखाली गोळी जाते. शेवटच्या भिंतीपाशी आधी वरचा बंदूकवाला टिपा, मग दोन तोफा, मग खालचा लाल गोळा. गोळा फुटला की झालं.

वाटेत इंग्रजी अक्षरं लिहिलेली हत्यारं मिळतात, त्या बंदुकांबाबत माझं मत पक्कं आहे. एस मिळाली की पंख्यासारख्या पाच गोळ्या सुटतात, ती जिवापाड जपा, कारण मेलात की हातातलं हत्यार जातं. एम ठीक, बटण दाबून धरलं तरी चालते. आर हे हत्यार नव्हे, त्याने हातातल्या बंदुकीच्या गोळ्या जलद जातात. दिसलं की घ्या. एल दिसायला भारी, पण पहिला झोत पोचायच्या आत पुन्हा बटण दाबलं की तो तिथेच विझतो, म्हणजे घाबरट माणसाच्या हातात ती निकामी. एफ गरगरत रमतगमत जाते. एस हातात असताना वाटेत एल किंवा एफ पडलेली दिसली की तिच्यावरून उडी मारून जा. आमच्याकडे सर्वात जास्त भांडणं चुकून एफ उचलण्यावरून झाली.

दुसरी आणि चौथी फेरी शत्रूच्या लष्करी तळाच्या आत, तिथे माणूस पाठमोरा दिसतो. समोरच्या विजेच्या तारांना हात लावू नका, झटका बसून माणूस क्षणभर लुळा पडतो. भिंतीतला गोळा फोडला की तारा जातात, मग वरचं बटण दाबून आत शिरायचं. गोळ्या आल्या की आडवे पडा. कंटाळवाणं आहे, पण सोपं.

तिसरी फेरी, धबधबा. इथे पडदा वर वर जातो आणि खालून जे नाहीसं झालं ते गेलंच. एका क्षणापूर्वी ज्या खडकावर उभे होतात तो आता नाही. पडलात की मेलात. दोघं खेळताना तर वरच्याने घाईने उडी मारली की खालचा फुकट मरतो. दादाने मला इथे किती वेळा मारलं असेल! त्याला शत्रूची गरजच नव्हती. म्हणून नियम करा: खालचा "आलो" म्हणेपर्यंत वरच्याने उडी मारायची नाही. मी ओरडू शकत नव्हते, आई शेजारी झोपलेली, म्हणून मी त्याच्या मांडीला चिमटा काढायचे. चिमटा म्हणजे "थांब".

बर्फात रणगाडे, मग ज्वाळांची फेरी, तिथे ज्वाळेचा ताल एकदा नुसता उभं राहून बघा. त्यानंतर वरून खाली येणारे पंजे, त्यांचंही तेच. शेवटी परग्रहवाल्यांची गुहा आणि एक धडधडतं हृदय. आजूबाजूने उड्या मारत येणाऱ्या किड्यांना झटकत हृदयावर गोळ्या चालू ठेवा. ते फुटलं की हेलिकॉप्टर निघतं आणि मागे बेट उडतं.

गेल्या रविवारी भाचा आणि दादा तिथवर पोचले, मी सोफ्यावर बसून चिमटे काढत होते. टीव्हीचा आवाज चालू होता. शेवटचं संगीत लागलं तेव्हा मी दादाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. हे असं वाजतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.