मूळ मेडिकेअर की मेडिकेअर ॲडव्हान्टेज: निवड कशी करावी?

अमेरिकेत वयाची 65 वर्षे पूर्ण होताना बहुतेक ज्येष्ठांसमोर मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या दोन वाटा असतात. 1965 च्या कायद्याने आलेल्या मूळ मेडिकेअरमध्ये प्रत्येक तपासणीचे आणि उपचाराचे पैसे सरकार डॉक्टरला किंवा रुग्णालयाला देते. मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये सरकार खासगी विमा कंपनीला दर सभासदामागे दरमहा ठरावीक रक्कम देते आणि उपचारांवरचे नियंत्रण कंपनीच्या हाती जाते.

तुलना मासिक हप्त्यापासून सुरू करू नये. ॲडव्हान्टेजच्या अनेक योजनांना जादा हप्ता नसतो, पण पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या सेवांसाठीच्या मेडिकेअरच्या भागाचा, हप्ता दोन्हीकडे लागतोच. त्याऐवजी मोठे आजारपण येईल त्या वर्षाचा हिशेब मांडावा. मूळ मेडिकेअरमध्ये वार्षिक वजावटीनंतर (दरवर्षी आधी स्वतः भरायच्या रकमेनंतर) डॉक्टरांच्या बहुतेक सेवांचा 20 टक्के खर्च रुग्णाकडे राहतो आणि त्याला वरची मर्यादा नाही, म्हणून मेडिगॅप ही पूरक पॉलिसी आणि औषधांसाठी पार्ट डी, या दोन्हींचे हप्ते हिशेबात धरावेत. ॲडव्हान्टेजमध्ये खर्चाला वार्षिक मर्यादा असते, मात्र डॉक्टर सहसा नेटवर्कमधलेच, म्हणजे कंपनीशी करार असलेलेच लागतात आणि महागड्या तपासण्यांना कंपनीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

त्यानंतर आई-वडिलांच्या औषधांच्या बाटल्या टेबलावर मांडाव्यात, प्रत्येकीवरचे नाव आणि मात्रा उतरवून घ्यावी आणि ती औषधे योजनेच्या यादीत आहेत का, हे पाहावे. डॉक्टरांच्या कार्यालयात फोन करून “तुम्ही मेडिकेअर घेता का?” एवढेच विचारू नये, कारण त्याला होकार मिळूनही नेटवर्कचा प्रश्न शिल्लक राहतो. योजनेचे पूर्ण नाव सांगून “या योजनेच्या नेटवर्कमध्ये आहात का?” असे विचारावे.

सर्वांत जास्त जपावे ते मेडिगॅपच्या मुदतीला. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनीला आजारांचे कारण पुढे करून ही पॉलिसी नाकारता येत नाही. पुढे बहुतेक राज्यांत ती नाकारता येते. दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात ॲडव्हान्टेज सोडून मूळ मेडिकेअरकडे परतता येते खरे, पण तोवर हृदयविकार किंवा कर्करोग जडला असेल तर मेडिगॅपशिवायच परतावे लागू शकते. पासष्टीला प्रथमच ॲडव्हान्टेज घेतलेल्यांना पहिल्या 12 महिन्यांत मेडिगॅपसह परतण्याची मुभा असते, म्हणून योजना पटत नसल्यास वर्ष उलटू देऊ नये. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची विनामूल्य सल्लासेवा आहे. सही करण्यापूर्वी तेथे औषधांची आणि डॉक्टरांची यादी दाखवावी.