सिंगापूरला जाताय? मग हॉकर सेंटरमध्ये कसं खायचं ते आधी वाचून घ्या

आपल्याकडून सिंगापूरला जाणारे बरेच जण ग्रुप टूरने जातात आणि टूरमध्ये जेवण म्हटलं की तेच ठरलेलं इंडियन रेस्टॉरंट, बुफे, पनीर, दाल, जीरा राइस, शेवटी गुलाबजाम, आणि हे पाच दिवस दोन्ही वेळेला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याच हॉटेलच्या मागच्या गल्लीत जगातलं उत्तम स्वस्त जेवण शिजत असतं आणि आपण एवढे पैसे खर्चून तिथवर जाऊन ते न खाता परत येतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की बुकिंग करतानाच टूरवाल्यांना सांगून एक सकाळ आणि एक-दोन जेवणं मोकळी ठेवा. स्वतःच्या प्लॅनने जात असाल तर मग काही प्रश्नच नाही.

हॉकर म्हणजे फेरीवाले. पूर्वी हे सगळे रस्त्यावरच हातगाड्या लावायचे, 1960 च्या दशकाच्या शेवटी सरकारने त्यांची नोंदणी केली आणि पुढे 1970-80 च्या दशकांत त्यांना नळ, गटार, वीज असलेल्या मोठ्या शेडमध्ये टप्प्याटप्प्याने जागा दिल्या. आज अशी शंभराहून जास्त हॉकर सेंटर्स आहेत, मधे टेबलं आणि सगळीकडे छोटे छोटे स्टॉल, एसी नसतो, पंखे असतात. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर कल्चरला वारशाच्या यादीत घेतलं. सांगायचा मुद्दा हा की चव रस्त्यावरचीच आहे पण पाणी, स्वच्छता, तपासणी सगळं नियमात आहे, स्टॉलवर स्वच्छतेची ग्रेड लावलेली दिसते, त्यामुळे पोट बिघडेल या भीतीने मागे राहू नका. सिंगापूरचं नळाचं पाणीसुद्धा थेट पिता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका स्टॉलवरून एकच पदार्थ घ्यायचा, आणि तोही चौघांत एक प्लेट. आपली सवय अशी की एकाच ठिकाणी बसून मेन्यूतलं सगळं मागवायचं, पण इथले चांगले स्टॉल एक किंवा दोनच पदार्थ करतात आणि वर्षानुवर्षं तेच करतात. चिकन राइसवाला चिकन राइसच करतो, फिश बॉल नूडल्सवाला तेवढंच. ज्या स्टॉलच्या वर चाळीस फोटो लावलेत, नूडल्स पण आहेत, करी पण आहे, स्टेक पण आहे, तिथे मी सहसा थांबत नाही. चौघं असाल तर चार दिशांना चार जण जा, प्रत्येकाने एक प्लेट आणायची, टेबलवर मधोमध ठेवायची, चाखायची, आवडली तर दुसरी आणायची. असं केलं की एका जेवणात सात-आठ पदार्थ होतात आणि एखादा नाही आवडला तर फार काही बिघडत नाही, कारण साधी प्लेट साधारण 4 ते 6 डॉलरला मिळते (सिंगापूर डॉलर हं, एकाला आपले साधारण 70 रुपये धरा).

जागा धरायची पद्धत आधी समजून घ्या. रिकाम्या टेबलवर टिश्यूचं पाकीट, छत्री किंवा ऑफिसचं ओळखपत्र ठेवलेलं दिसलं तर ते कोणी विसरलेलं नाहीये, ती जागा धरलेली आहे, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच करा, पाकीट ठेवा आणि रांगेत जा. टिश्यू तसेही जवळ लागतातच कारण बऱ्याच स्टॉलवर नॅपकिन देत नाहीत, आणि चिली सॉसमध्ये हात माखल्यावर मग धावपळ होते. टेबल शेअर करणं नॉर्मल आहे, अनोळखी माणूस येऊन समोर बसतो, तुम्हीही विचारून बसू शकता.

ऑर्डर देताना आधी ठरवून मगच रांगेच्या पुढे जा, तिथे उभं राहून घरच्यांना ओरडून विचारत बसलात तर मागचे वैतागतात. स्टॉलवाल्यांना अंकल, आंटी म्हणायचं, सगळे तसंच म्हणतात. ते पहिलं विचारणार इथे खाणार की पार्सल, पार्सलला ‘दाबाओ’ म्हणतात आणि डब्याचे थोडे जास्त सेंट घेतात. तिखट हवं का विचारतात, त्याचं उत्तर विचार करून द्या, इथली छोटी मिरची खरोखर झणझणीत असते, मुलांच्या प्लेटला ‘नो चिली’ सांगा आणि चटणी वेगळी वाटीत घ्या. कॅश जवळ ठेवा, 2, 5 आणि 10 च्या नोटा. आपलं कार्ड मॉलमध्ये सगळीकडे चालतं पण जुन्या स्टॉलवर एकतर कॅश नाहीतर तिथल्याच बँकेचा क्यूआर.

आणि खाऊन झालं की ट्रे स्वतः उचलून रॅकवर नेऊन ठेवायचा. हे 1 सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटर्समध्ये सक्तीचं आहे, पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. बऱ्याच ठिकाणी हलाल आणि इतर असे दोन वेगळे रॅक असतात, पाटी बघून ठेवा, तिथल्या मुस्लिम लोकांसाठी ती गोष्ट महत्त्वाची आहे.

वेळेचं गणित चुकलं की सगळंच चुकतं. दुपारी 12 ते 1:30 ऑफिसवाल्यांची झुंबड असते, तेव्हा सामान आणि लहान मुलं घेऊन जाऊ नका. 11 ला पोचा. नावाजलेले स्टॉल माल संपला की दुपारी दोन-तीनलाच शटर ओढतात, आणि बरेचसे सोमवारी बंद. शिवाय प्रत्येक सेंटर मधून मधून साफसफाईसाठी पूर्ण बंद असतं, निघण्याआधी नेटवर एकदा चेक करा.

कुठे जायचं? पहिल्यांदा जाताय तर मी टेक्का सेंटर सांगेन, लिटल इंडिया स्टेशनच्या अगदी लगत. खाली भाजी-मासळीचा बाजार, शेजारी खायचे स्टॉल, बिर्याणी, डोसे, अप्पम, आणि प्राटा. प्राटावाल्यासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. तेलात मुरलेला मैद्याचा गोळा तो तळहाताने थापतो, कडेला धरून हवेत फिरवून ओट्यावर आपटतो, दोन-तीन फेऱ्यांत पारी इतकी पातळ होते की खालचा स्टील दिसतो, मग चारी बाजूंनी घडी घालून तव्यावर, आणि भाजून निघाली की दोन्ही हातांच्या मधे टाळी वाजवल्यासारखी दाबतो म्हणजे पापुद्रे सुटतात. ती लगेच खायची, पार्सल केलीत तर वाफेने मऊ पडते आणि मजा गेली. सोबत करी बहुतेक मटण किंवा माशाची येते, शाकाहारी असाल तर आधीच डाळ मागा. टेक्कातच किंवा मलय स्टॉलवर पुटू मायम दिसला तर घ्या, आपल्या कोकणातल्या शिरवळ्याच आहेत त्या, वर ओलं खोबरं आणि साखर.

चिकन राइससाठी मॅक्सवेल फूड सेंटर, चायनाटाउनला. तिथला तियान तियानचा स्टॉल फार प्रसिद्ध आहे आणि रांगही तशीच. रांग अर्ध्या तासाच्या वर दिसली तर शेजारच्या दुसऱ्या स्टॉलवरचा घ्या, मला तरी एवढा फरक वाटत नाही, तेवढ्या वेळात दोन पदार्थ जास्त होतात. दिसायला हा पदार्थ अगदी साधा, पांढरं चिकन आणि भात, म्हणून आपले लोक नाक मुरडतात, पण आधी नुसता भात खाऊन बघा. तो चिकनच्या चरबीत, आल्या-लसणात परतून त्याच्याच स्टॉकमध्ये शिजवलेला असतो. मग चिकन, आणि लाल मिरचीची आंबट चटणी. मॅक्सवेलपासून चालत जाण्यासारखं चायनाटाउन कॉम्प्लेक्स आहे, दुसऱ्या मजल्यावर दोनशेहून जास्त स्टॉल, देशातलं सगळ्यात मोठं हॉकर सेंटर. 2016 ला इथल्याच एका सोया सॉस चिकनच्या स्टॉलला मिशेलिन या नावाजलेल्या रेस्टॉरंट गाइडचा स्टार मिळाला होता, 2021 ला तो गेला. स्टारच्या मागे जायची तशीही गरज नाही, कुठल्या रांगेत घरच्या कपड्यांतले आजी-आजोबा उभे आहेत ते बघा आणि त्यांच्या मागे उभे राहा.

संध्याकाळी लाउ पा सात या हॉकर सेंटरला जा. जुनी बिडाच्या लोखंडी खांबांची सुंदर इमारत आहे, पण खरी गंमत शेजारच्या बून टॅट स्ट्रीटवर, 7 नंतर रस्ता बंद करून टेबलं लावतात आणि साते भाजतात. कोळशावर छोट्या काड्या, चिकन, मटण, कोळंबी, सोबत दाण्याची जाडसर गोडूस चटणी, काकडी, कच्चा कांदा. किमान 10 काड्या घ्याव्या लागतात बऱ्याचदा. बीफची काडी पण असते, सेट मागवताना त्यात काय काय आहे ते विचारा.

न्यूटन या हॉकर सेंटरला जायला हरकत नाही पण तिथे एक लक्षात ठेवा, खेकडा, लॉबस्टर, मोठी कोळंबी ही वजनावर असते. कोणी आग्रहाने टेबलवर बसवून ‘आज हे फ्रेश आहे’ सांगायला लागलं तर आधी 100 ग्रॅमचा भाव आणि मग एकूण किती होणार हे विचारूनच हो म्हणा. लिहिलेल्या भावाशिवाय सीफूड मागवू नका.

आता शाकाहारी लोकांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घाबरतात तेच. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. व्हेज फ्राइड राइसमध्ये अंडं येऊ शकतं, भाजीत ऑइस्टर (कालवांचा) सॉस, आणि मलय सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, लक्सात (नारळाच्या दुधाच्या रश्शातल्या नूडल्स) तर असतेच. म्हणून एकेक करून सांगायचं, ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग’. त्याहून सोपा मार्ग म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल शोधायचा, जवळपास प्रत्येक मोठ्या सेंटरमध्ये एखादा तरी असतो, पाटीवर व्हेजिटेरियन लिहिलेलं असतं. तिथे काचेमागे वीसेक भाज्या मांडलेल्या असतात, भात किंवा शेवया घ्यायच्या, बोट दाखवून दोन-तीन भाज्या, टोफू, मशरूम घ्यायचे, बस. चिकनसारखं, माशासारखं दिसणारं जे असतं ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं, दचकू नका. बहुतेक ठिकाणी कांदा-लसूण पण नसतो. जैन असाल तर मात्र गाजर, मुळा, बटाटा असतो हे धरून चाला आणि मशरूमचंही विचारा. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला बरेच चिनी लोक मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी या स्टॉलवर गर्दी असते, लवकर जा. आणि घरातले ज्येष्ठ अगदीच तयार नसतील तर सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, 1947 पासूनचं शुद्ध शाकाहारी, त्यांना तिथे बसवून तुम्ही टेक्कात जाऊन या, चालत जाण्यासारखं आहे.

बीफ न खाणाऱ्यांनी फार काळजी करू नये, ‘नो बीफ’ म्हटलं की लगेच समजतं, कारण ग्वानयिन देवीला मानणारे अनेक चिनी लोकही बीफ खात नाहीत. पोर्क टाळायचं असेल तर हलाल लिहिलेला स्टॉल बघा, पण तिथे बीफ असू शकतं, दोन्ही टाळणाऱ्यांनी दोन्ही विचारायचं. ‘चार क्वे त्याओ’, म्हणजे परतलेल्या रुंद नूडल्स, आणि ‘होक्किएन मी’ हा नूडल्सचाच दुसरा प्रकार, यात डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे, नको असेल तर तो पदार्थ सोडूनच द्या, ‘त्याशिवाय करा’ म्हणून तो मूळ चवीचा होत नाही.

सकाळची मोकळी वेळ कोपीसाठी, म्हणजे तिथल्या कॉफीसाठी ठेवा. कॉफी दाणे साखर आणि मार्जरीन घालून काळेभोर भाजतात, मग कॉफी कापडाच्या लांब पिशवीतून, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत गाळतात. नुसतं कोपी म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घालून गोड येते. कोपी सी म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर, कोपी ओ म्हणजे बिनदुधाची पण साखर असलेली, कोसोंग जोडलं की साखर नाही, सिउ दाय म्हटलं की साखर कमी, पेंग म्हटलं की बर्फ. डायबेटिस असलेल्यांनी ‘कोपी ओ कोसोंग’ एवढं पाठ करून जा, आणि चहाला हेच सगळं ‘ते’ लावून, ‘ते ओ कोसोंग’. सोबत काया टोस्ट, कुरकुरीत ब्रेडमध्ये नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांडान नावाच्या सुवासिक पानांचा जॅम आणि थंड बटरची अख्खी चकती. शेजारी दोन अर्धकच्ची अंडी येतात, ती बशीत फोडायची, काळा सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालून ढवळायची आणि टोस्ट त्यात बुडवून खायचा. काया जॅममध्ये अंडं असतं हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

बाहेर निघताना हातातलं पेय मेट्रोत पिऊ नका, खाणं-पिणं दोन्हीला 500 डॉलरपर्यंत दंड आहे, आणि दुरियन हे उग्र वासाचं फळ तर नुसतं सोबत नेणंही चालत नाही. ते फळ खायचंच असेल तर स्टॉलवरच बसून खा, विकणाऱ्याकडे प्लास्टिकचे ग्लोव्हज मिळतात. काया जॅमची बाटली घरी आणायची असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत टाका, हँडबॅगेत 100 मिलीच्या वरची बाटली सिक्युरिटीला काढून घेतात.